भिंतीकडे तोंड

वही पालथी होती. कपाटाचं दार उघडलं तेव्हा डोळ्यांना ते आधी दिसलं, मनाला नंतर कळलं, आणि मधल्या त्या अर्ध्या क्षणात मी हात पुढे करून हजेरीपत्रक घेतलंसुद्धा. मग हात तसाच राहिला. ती वही मी नेहमी उताणी ठेवते, कणा डावीकडे, कड फळीच्या कडेला लावून. यात मोठा नियम काही नाही. सकाळी दिव्याची वात एकाच बाजूला वळवते, चपला एकाच फरशीवर काढते, तशीच ही हाताला लागलेली सवय. आज कणा उजवीकडे होता आणि कव्हरवरचा चहाचा गोल डाग दिसत नव्हता. कुणीतरी वही काढली होती, आणि ठेवताना ती कशी होती हे त्याला आठवलं नव्हतं. मनात पाल चुकचुकली असं म्हणतात. माझ्या मनात ती चुकचुकली नाही. नुसती येऊन बसली आणि हलेना. वर्ग भरायला दहा मिनिटं होती. मी कपाट लावलं, किल्ली खिडकीतल्या पिनांच्या डबीत टाकली, आणि डबी हलवून पाहिली. आत किल्ली होती. आत्ताच तर टाकली होती.

त्या वहीत तेवीस माणसांचे पासवर्ड आहेत. हे सांगताना माझा आवाज खाली येतो, आणि मुळात तो फारसा वर नसतोच. पाहुण्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘बाई, पासवर्ड कधी लिहून ठेवू द्यायचे नाहीत.’ पाहुणा म्हणजे ज्या दूरच्या संस्थेनं हे बारा कॉम्प्युटर पाठवले तिचा माणूस. दर सहा महिन्यांनी येतो. आपली भाषा शिकून आला आहे आणि काचेचं भांडं उचलून नेल्यासारखी जपून बोलतो. कॉम्प्युटर लाकडी खोक्यांतून आले, कुठल्याशा शाळेत वापरून झालेले. एका कीबोर्डाच्या खाली कुणा मुलानं चिकटवलेलं च्युइंगम होतं, दगडासारखं घट्ट झालेलं. वाचनालयाची माडीवरची मागची खोली मिळाली, शिकवायला मी मिळाले, आणि माणसं मात्र मिळेनात. फुकट ते पौष्टिक म्हणणारी गल्ली, पण या फुकटाला हात लावेना. केस कापणारा म्हणाला, ‘आज यंत्र देतात, उद्या आपल्यालाच मोजतील.’ कुणी म्हणालं, पडद्यावरच्या त्या काळ्या ठिपक्यातून आपली तोंडं तिकडे दिसतात. मग बायकांनी प्रत्येक ठिपक्यावर चिंधी चिकटवली, आणि ती अजून तशीच आहे. मी दोन महिने दारोदार फिरले. माझा आवाज इतका हळू की ऐकायला माणसाला जवळ यावं लागतं, आणि जवळ आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. हे मला तेव्हा कळलं. कळून थोडी भीतीही वाटली होती, ती मी कामात विसरले.

पाहुणा म्हणाला होता, दुसरा कुणी पासवर्ड टाकत असताना बघू नये. आमची माणसं एखादी गोष्ट घेतली की पुरती घेतात. पोस्टमनकाका उठले (चाळीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेले, वर्गात सगळ्यांत आधी येणारे) आणि हात मागे बांधून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून दवाखान्यातली आया वळली, ती वळली म्हणून सगळे. तेव्हापासून पद्धतच पडली. कुणाला पासवर्ड टाकायचा झाला की तो म्हणतो, ‘भिंत!’ आणि सगळ्या खुर्च्या करकरत फिरतात, माझीसुद्धा. पाहुण्याला पहिल्यांदा हसू आलं, मग त्यानं मोबाईलवर ते टिपून घेतलं, मग जपून म्हणाला की इतकी गरज नाही. पण पद्धत पडायला एक दिवस पुरतो, मोडायला पिढी लागते. मी त्या भिंतीला इतकं पाहिलं आहे की तिच्यावरच्या रंगाच्या तीन थरांची ओळख झाली आहे. वरचा पिवळट, त्याखाली निळा, आणि एका पोपड्याखाली डाळिंबी, कुणाच्या तरी घराचा असावा तसा.

एवढं करून दुसऱ्या दिवशी कुणालाच काही आठवेना. ज्या पोस्टमनकाकांना साऱ्या वस्तीची दारं पाठ, ते स्वतःच्याच एका शब्दापाशी तीनदा अडकले. ‘बाई, हे म्हणजे माझ्याच घराचा पत्ता चुकला की हो!’ मग एकेक जण माझ्या टेबलाशी यायला लागला. वाकून, तळहाताचा आडोसा करून, माझ्या कानात सांगायचा. ‘तुम्ही ठेवा, बाई. तुमच्यापाशी राहील तर सुखरूप.’ एकमेकांकडे पाठ करणारी ती माणसं, आपलं सगळं माझ्या कानात ओतून हलकी होऊन जात. मी लिहून घेत गेले. पासवर्ड म्हणजे नुसती अक्षरं नसतात, हे मला तेव्हा कळलं. कुणी गेलेल्या लेकराचं नाव ठेवलेलं, कुणी नवऱ्याला द्यायची एक शिवी, आयानं तिच्या पहिल्या बाळंतपणाची तारीख. मी वर बघत नसे. लिहून झालं की वही मिटायची, कपाटात, उताणी, कणा डावीकडे.

त्या दिवशी वर्ग भरला आणि मी प्रत्येकाकडे पाहिलं. रोज बघते तसं नाही. रोज बघते ते चुकतंय कुठे, बोट कुठे अडतंय हे बघते. त्या दिवशी मी हात पाहिले. आयाचे हात नेहमीसारखे, औषधाच्या वासाचे. पोस्टमनकाकांचे हात मांडीवर. केस कापणारा (तोही शेवटी आलाच होता, आणि आता कुणापेक्षा जास्त बसतो) माझ्याकडे बघून हसला तर मला वाटलं, हा आज का हसला? रोज हसतो. शिलाईमावशी दाराजवळच्या जागी बसल्या होत्या, तयार कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं कॉलर लावणाऱ्या, साठीला आलेल्या. आल्या आल्या टेबलावरचं हजेरीपत्रक बघून, मग कपाटाकडे बघून म्हणाल्या, ‘बाई, आज कपाट लवकर उघडलंत?’ मी म्हटलं, ‘हो.’ एवढंच. पण त्या कपाटाकडे का बघत होत्या? आमच्या वर्गात प्रत्येक कॉम्प्युटरला नाव आहे, जागेवरून पडलेलं. पाहुण्यानं तीच नावं यंत्रांच्या पोटातही घालून दिली. मावशींचा तो ‘दार’, पोस्टमनकाकांचा ‘पंखा’, आयाचा ‘कोपरा’. माझा ‘खिडकी’. ‘दार’वरून कपाट सरळ समोर येतं. समोर असेल त्याकडे माणूस बघणारच, असं मी स्वतःला म्हटलं, आणि म्हणताना स्वतःलाच खोटी वाटले.

घरी आमचे हे छापखान्यात मुद्रितं तपासतात. चुका शोधून शोधून यांचा स्वभावच तसा झाला आहे. भाजीत मीठ बरोबर असलं तरी दोनदा चाखतात. मी वहीचं सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, ‘पाहुणा मंगळवारी येऊन गेला, तो खोलीत एकटा किती वेळ होता कोण जाणे.’ हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, ‘कोण जाणे म्हणजे? तू कुठं होतीस?’ ‘पाण्याच्या बाटल्या भरायला.’ ‘मग पंधरा मिनिटं.’ ‘पंधरा कशी? दोन बाटल्या तर.’ ‘तुझं भरणं मला ठाऊक आहे. नळाशी उभी राहून तू जप करतेस.’ आणि हसले. मलाही हसू आलं, पण पंधरा मिनिटं डोक्यात राहिली. पंधरा मिनिटांत तेवीस ओळींचा फोटो काढून होतो. एक मिनिटसुद्धा लागत नाही. त्याला लागतंच काय? त्यानं विचारलं नव्हतं का मंगळवारी, ‘कोण कोण नियमित वापरतं, बाई? कुणाच्या खात्यात हालचाल आहे?’ हालचाल. हा शब्द तेव्हा मला चांगला वाटला होता. लोकांचं भलं करायला निघालेल्या माणसाला त्यांची हालचाल कशाला कळायला हवी? मग हे पाणी पिऊन म्हणाले, ‘एक सांगू? चूक जिथं दिसते तिथं शोधायची नसते. जिथं सगळं बरोबर वाटतं ना, तिथं बोट ठेवायचं.’ ते मुद्रितांबद्दल बोलत होते.

माझे दोन नेम आहेत. सकाळी उठल्यावर पहिला तास बोलायचं नाही. आणि संध्याकाळी दिव्यापाशी बसून, दिवसातली आपली एक चूक आपल्या तोंडानं सांगायची. मोठ्यानं सांगायची असा आईचा दंडक होता, मनातल्या मनात चालत नाही. माझं मोठ्यानं म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू न जाणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न बोलण्याचा तास मला खूप मोठा वाटला. रोज त्या तासात मन निवळत जातं, गाळ खाली बसतो. त्या सकाळी गाळ ढवळतच राहिला. चूल पेटवली, केर काढला, आणि प्रत्येक झाडूच्या फटकाऱ्यासरशी एक माणूस पुढे येत गेला. पाहुणा. वाचनालयाचा पहारेकरी, त्याच्याकडे मागच्या दाराची किल्ली असते. केस कापणारा, त्याचं हसणं. मग शिलाईमावशी. ‘आज कपाट लवकर उघडलंत?’ म्हणजे कपाट रोज केव्हा उघडतं हे त्यांना ठाऊक आहे. तोंड बंद होतं म्हणून आतला आवाज जास्त मोकळा होता. मौनाला मी इतकी वर्षं औषध समजत होते.

आणि मग आई आली. ती अशीच येते, केर भरताना. आईचे नेम माझ्यापेक्षा कडक. तिच्याकडे बघून लोक पोरीबाळींना सांगत, माणसानं असं असावं. किटलीतलं पाणी उकळलं की ती झाकण काढायची, आणि त्या वाफेवर माझं पत्र धरायची. डिंक सैल होतो, पाकीट न फाटता उघडतं, वाचून पुन्हा चिकटवता येतं. हे मी डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते, वर डोंगराकडच्या शहरातून मैत्रिणीचं पत्र आलं होतं, टेलिफोन खात्यात जागा आहेत, दोघी मिळून खोली घेऊ, इथं थंडी फार, लोकरीचं काहीतरी घेऊन ये. मी ते पत्र उशीखाली ठेवलं, कुणाला बोलले नाही. मन धीट होईपर्यंत आठ दिवस थांबायचं ठरवलं. चौथ्या दिवशी बाहेरून येऊन बघते तर आई उन्हाळ्याच्या भर दुपारी लोकर घेऊन बसलेली. स्वेटर घातला होता विणायला. ‘कुणाला?’ ‘तुला. कधी थंडीच्या गावी जायची वेळ आली तर.’ तिचा आवाज प्रेमाचा होता. अजून मला त्यात दुसरं काही सापडत नाही. ती मला जाऊ नको म्हणाली नाही, नुसती विणत राहिली, आणि मीच गेले नाही. कुणी आपल्या आत येऊन बसलं आहे हे कळल्यावर मला कुठेही जावंसं वाटेना. त्या वर्षापासून मी दुसऱ्याच्या पत्राला हात लावत नाही. हा काही नेम म्हणून घेतला नव्हता. त्याची गरजच पडली नाही.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी एकटी राहिले. ठरवून नाही, बाटल्या धुतल्या, खुर्च्या लावल्या, मग बसले. विचार अगदी सरळ होता. वर्गात मीच शिकवते: खात्यात एक पान असतं, तिथं कळतं की हे खातं शेवटचं कधी आणि कोणत्या यंत्रावरून उघडलं. कुणी चोरून आत गेलं असेल तर तिथं दिसेल. म्हणजे ते पान बघायचं. फक्त ते पान. पत्रांकडे बघायचं नाही. चोर शोधायला घरात शिरावंच लागतं, नाही तर दारातूनच कसा दिसणार? एवढं कळत होतं, आणि तरीही मी उठून खोलीच्या दाराला आतून कडी घातली. ज्या कामाला कडी घालावी लागते ते काम कसलं, हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. पहिलं पोस्टमनकाकांचं उघडलं. सगळं ठीक होतं, फक्त ‘पंखा’. पण ते पान उघडायच्या आधी समोर पत्रं येतातच, डोळे कुठे मिटणार? तीन-चार डझन पत्रं, सगळी त्यांनी त्यांनाच पाठवलेली. ‘आज पाऊस नाही.’ ‘गुडघा बरा.’ ‘पोचलं का?’ आणि त्याला त्यांचंच उत्तर, ‘पोचलं.’ मी त्या खात्यातून बाहेर पडले. मग आया. मग केस कापणारा. कुठे काही नव्हतं. प्रत्येक दार उघडत होते आणि आत चोर नाही बघून माझा जीव भांड्यात पडण्याऐवजी संशय आणखी टोकदार होत होता, कारण आता उरलेल्यांतच तो असणार. शिलाईमावशींचं खातं सातवं. सर्वांत वर पाहुण्याचं पत्र होतं. विषय: ‘तुम्ही विचारलेल्याबद्दल’. आणि खाली, न उघडताही दिसणारी पहिली ओळ: ‘काळजी करू नका, बाईंना मी काही सांगणार नाही.’

मला काय सांगणार नाही? घामानं माउस बोटांना चिकटला. पाहुणा आणि मावशी. मंगळवार, पंधरा मिनिटं, कपाटाकडची नजर. सगळे टाके एका ओळीत बसले. मला काढणार, मावशींना वर्ग देणार, की वही पाहुण्यापर्यंत त्यांनीच पोचवली? मी पत्र उघडलं. उघडताना आईची आठवण झाली नाही. खोटं कशाला बोलू, झाली. पण ती किटलीपाशी पाठमोरी होती आणि मला तिचा चेहरा बघायचा नव्हता. पाहुण्याच्या पत्राखाली मावशींचं मूळ पत्र होतं, एकेक अक्षर शोधून लिहिलेलं. ‘साहेब माझी नजर जात आहे. डॉक्टर म्हणतात दोन वर्षं. सुई ओवायला आता शेजारणीला सांगते. कारखान्यात कळलं तर उद्याच घरी बसवतील म्हणून कुणाला बोलले नाही. दिसत नसताना कॉम्प्युटरवर काम करता येतं असं ऐकलं ते खरं का. आहे तोवर शिकून घेते. बाईंना सांगू नका. त्या फार मायाळू आहेत, मला जपायला लागतील, मग सगळ्यांना कळेल.’ मी ते दोनदा वाचलं. एकदा पुरलं असतं. मग सगळं बंद केलं, वही कपाटात ठेवली, उताणी, कणा डावीकडे, कड फळीच्या कडेला. खिडकीबाहेर कुणीतरी चादर झटकत होतं. घड्याळात चार वाजून गेले होते.

संध्याकाळी दिव्यापाशी बसले. वात वळवली. चूक सांगायची होती. मी म्हटलं, ‘आज दूधवाल्याला उगीच बोलले.’ बोलले होतेच, सकाळी, माप कमी वाटलं म्हणून. खोटं नव्हतं. ज्योत जराही हलली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मला असं वाटलं की दिव्यानंही भिंतीकडे तोंड केलं आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गाला अर्धा तास असताना शिलाईमावशी आल्या. ‘बाई, आहात ना? मला वाटलं तुम्ही नळाशी असाल.’ हातात कागदी पिशवी. टेबलावर ठेवून त्यांनी आतून कापडाचं काहीतरी काढलं, जाड निळ्या कापडाचं, पाकिटासारखं, वर झडप आणि लाकडी बटण. ‘बघा बरं, बसतं का.’ ‘काय आहे?’ ‘अहो, तुमच्या त्या वहीला अंगरखा! परवा तुम्ही यायच्या आधी काढून मापं घेतली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, कशाला त्रास घेता, आणि राहिलंच असतं.’ त्या हसल्या. ‘आमचं सगळ्यांचं सगळं त्यात. आणि कव्हर बघावं तर फाटकं, चहा सांडलेलं. आयाच म्हणाली, देवाची पोथीसुद्धा आपण कापडात ठेवतो.’ मी म्हटलं, ‘किल्ली?’ ‘पिनांच्या डबीत असते की. सगळ्यांना ठाऊक आहे, बाई, त्यात काय!’ मग एकदम गंभीर होऊन गळ्याच्या कातडीला चिमटा काढत म्हणाल्या, ‘पण उघडली नाही हं. शपथ. बंदच मोजली. घाईत उलटी ठेवली की काय कोण जाणे.’

मी तो अंगरखा हातात घेतला. तीस वर्षं कॉलर लावणाऱ्या हातांची शिवण, आणि एका कडेला ती पेन्सिलीच्या रेघेवरून सुटून बाहेर गेली होती, बोटभर जाऊन पुन्हा आत आलेली. तिथं मावशींनी दुहेरी टीप मारून ते झाकलं होतं. कुणालाही वाटलं असतं, मजबुतीसाठी. मी त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि पटकन काढून घेतला. ‘छान झालंय,’ मी म्हटलं. ‘आता तुमच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ,’ मावशी म्हणाल्या. ‘पण बाई, मी लवकर आले ते दुसऱ्याच कामाला. काल सुनेच्या फोनवर माझ्या खात्याचा निरोप आला. कुणीतरी नव्या ठिकाणाहून खातं उघडलं म्हणे. तुम्हीच शिकवलंय ना, असा निरोप आला की घाबरायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही, आधी बाईंकडे यायचं.’ शिकवलं होतं. फळ्यावर लिहून, पाठ करून घेतलं होतं, ‘आधी बाईंकडे’. ‘सून म्हणत होती, मी वाचून दाखवते. मी म्हटलं नको, माझं मी वाचेन, वर्गात जाऊन.’

त्या ‘दार’वर बसल्या. मी मागे उभी. खाली कुणीतरी वाचनालयाच्या खुर्च्या ओढत होतं. मला बोलायचं होतं. आत्ता, आधी, त्यांना दिसायच्या आत. जिभेवर वाक्यही आलं होतं, आणि ते काय आहे हे लक्षात आल्यावर मी ते गिळलं. ‘तुमच्या भल्यासाठीच.’ पडद्यावर निरोप उघडला, बारीक करड्या अक्षरांत. मावशी पुढे झुकल्या. आणखी झुकल्या. नाक पडद्याला लागेल इतक्या, एक डोळा बारीक करून, मान तिरकी, सुईच्या नेढ्यात बघावं तशी. ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. ते बघवेना. माझा हात त्यांच्या खांद्यावरून पुढे गेला, दोन बोटं आपोआप दोन कळांवर पडली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि अक्षरं मोठी झाली. अंगठ्याएवढी. पडदाभर. आता दारातूनसुद्धा वाचता आली असती. काल. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. यंत्र: खिडकी.

मावशी मागे टेकल्या. ते वाचायला त्यांना वेळ लागला नाही. पण त्या बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिल्या, आणि त्या ‘खिडकी’ या शब्दाकडे बघत नाहीत हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. ‘अक्षर मोठं केलंत,’ त्या म्हणाल्या. ‘हो.’ ‘मी म्हटलं नव्हतं.’ ‘नाही.’ लोकरीचा एक गुंडा कुठंतरी फरशीवरून गडगडत गेला, भर उन्हाळ्यात. मावशींनी दोन्ही हात मांडीवर घेतले, उजव्या बोटानं डाव्या बोटावरची सुईची जुनी भोकं चाचपली. मग त्या ताठ बसल्या, कीबोर्ड जवळ ओढला आणि पासवर्ड बदलायचं पान उघडलं, मी शिकवलं होतं तसंच, एकही पायरी न चुकता.

‘भिंत, बाई.’

आवाज रोजचाच होता. खोलीत दोघीच होतो. मी वळले. पिवळट, निळा, पोपड्याखालचा डाळिंबी. मागे कळा वाजायला लागल्या, सावकाश, एकेक, मधे बोट शोधत थांबणाऱ्या. मी मोजू लागले आणि दुसऱ्याच कळेला मोजणं बंद केलं. दात ओठांवर ठेवले. मग न राहवून, भिंतीकडेच तोंड ठेवून, म्हटलं. या खेपेला मोठ्यानं म्हटलं, माझ्या मानानं मोठ्यानं, ‘मावशी, काल चार वाजून दहा मिनिटांनी...’

कळा थांबल्या.

‘थांबा,’ मावशी म्हणाल्या. ‘आधी माझं पुरं होऊ द्या. मग सांगा.’ आणि थोड्या वेळानं, बोट कळेवर ठेवता ठेवता, ‘हा काही मी तुमच्या कानात सांगायची नाही हं.’

‘नको,’ मी म्हटलं.

कळा पुन्हा वाजू लागल्या. जिन्यावर पोस्टमनकाकांची पावलं आली, दारापर्यंत आली, थांबली. त्यांनी आत बघितलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. चपला वाजल्या, आणि ते माझ्या शेजारी येऊन, हात मागे बांधून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.